गोव्यात परसात कोंबड्यांचं खुराडं बांधायचंय? आधी पावसाचा विचार करा

इंटरनेटवर खुराड्याचे जे प्लॅन मिळतात ना ते बहुतेक थंड देशातले असतात, चारही बाजूंनी बंद लाकडी घर, छोटीशी खिडकी, दिसायला एकदम गोड. आपल्याकडे तसं बांधलं तर कोंबड्या मे महिन्यात उकडून निघतील आणि जुलैत आजारी पडतील. गोव्यात शंभर इंचाच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, त्यामुळे इथे थंडीची काळजी नको, पाणी, दमट हवा आणि रात्री फिरणारी जनावरं या तीन गोष्टी सांभाळल्या की झालं.

पहिलं म्हणजे किती कोंबड्या ते ठरवा. घरच्या अंड्यांपुरत्या पाच-सहा भरपूर होतात. आत दर कोंबडीमागे चार चौरस फूट धरा, म्हणजे सहा कोंबड्यांना चार बाय सहा फुटांचं खुराडं, आणि बाहेर जाळीतलं मोकळं अंगण दर कोंबडीला आठ-दहा चौरस फूट तरी. जागा असेल तर थोडं मोठंच बांधा कारण सहाच्या दहा कधी होतात ते कळत नाही. कोंबडा अंड्यांसाठी लागत नाही, पिल्लं काढायची असतील तरच ठेवा, आणि वाड्यात घराला घर चिकटून असेल तर पहाटे चारला तो आरवायला लागल्यावर शेजारी काय म्हणतील ते आधी बघून घ्या.

जागा निवडताना वर बघा. माडाखाली अजिबात नको, एक नारळ किंवा वाळलेली झावळ पडली की कौलं गेली, आणि खाली कोंबडी असेल तर तीही गेली. फणसाखाली पण तेच. दुपारची सावली मिळेल, पण पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची जागा घ्या, विहिरीपासून लांब. जागा नक्की करायच्या आधी शक्य असेल तर एका पावसात बाहेर येऊन पाणी कुठून वाहतं ते बघा, उन्हाळ्यात सगळंच अंगण सपाट वाटतं. काम दिवाळीनंतर काढा आणि मिरग लागायच्या आत संपवा.

जोतं चिऱ्यांचं दीड फुटापर्यंत घ्या, वर सिमेंटचा कोबा, दाराकडे थोडा उतार देऊन म्हणजे धुतलं की पाणी आपोआप बाहेर जातं. त्यावर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरा. हा भुसा कोरडा राहिला पाहिजे, बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे, ओल्या भुशात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि अमोनिया सुटतो. आत डोकावल्यावर नाकाला वास झोंबला तर समजायचं की हवा खेळत नाहीये, मग भुसा बदलून भागत नाही.

म्हणून भिंती खालून फक्त दीड-दोन फूट, त्याच्यावर सगळी जाळी. पाऊस नैऋत्येकडून येतो तेव्हा दक्षिण आणि पश्चिम बाजूला ताडपत्रीचा पडदा लावा, जो गुंडाळून वर करता येईल, आणि पडद्याच्या वर छपराखाली हातभर फट कायम उघडी ठेवा. दार पूर्वेला बरं. छपराला पत्रा स्वस्त पडतो पण दुपारी तापून भट्टी होते, कौलं चांगली, पत्राच घालायचा तर वरून झावळ्या पसरा. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन फूट तरी यायला हवं, लोक इथेच काटकसर करतात आणि मग झड थेट आत येते.

आता रात्रीची मंडळी. उदमांजर, साप, गावचे कुत्रे, आणि दिवसा मुंगूस, घोरपड, वरून घार. षटकोनी भोकांची ती कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डिंगची जाळी घ्या, महाग आहे पण त्यात पर्याय नाही, समुद्राजवळ राहत असाल तर पीव्हीसी कोटिंगवाली बघा नाहीतर खाऱ्या हवेने लवकर गंजते. कौलांच्या खाली पण जाळी मारा, उदमांजर कौल सरकवून उतरतं आणि एका रात्रीत सगळं संपवतं. मोकळ्या अंगणाच्या जाळीखालून कोणी उकरून येऊ नये म्हणून ती जमिनीत पुरायला सांगतात, पण आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत कुठे खणत बसणार, जाळी बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी पसरा आणि वर चिऱ्याचे तुकडे ठेवा. साधी आकडी नको, सरकणारी कडी लावा.

आत बसायला आडवी दांडी हवी, साधारण दोन इंच रुंद, कडा गोल घासलेल्या, दर कोंबडीला आठ-दहा इंच. पोफळीची रीप चालते पण कुसळं नीट तासून घ्या. अंड्याची खोकी फूटभर लांब-रुंद-उंच, चार कोंबड्यांना एक, आणि ती दांडीपेक्षा खाली, कारण कोंबडी सगळ्यात उंच जागा बघून झोपते आणि खोकं वर असलं की त्यातच झोपून घाण करते. एक छोटा वेगळा पिंजरा पण असू द्या, आजारी किंवा खुडूक कोंबडीसाठी, आणि बाजारातून नवीन आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे तिथेच, शक्यतो जरा लांब. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस घेतलीय का ते विकत घेतानाच विचारा.

खाद्य पत्र्याच्या डब्यात, रात्री भांडं उचलून ठेवायचं, नाहीतर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. तिसऱ्यांची शिंपलं फेकू नका, धुवून उन्हात वाळवून कुटा आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांना वेगळ्या वाडग्यात ठेवा, लागतील तेवढी त्या स्वतः खातात. अंड्याचं कवच पातळ येत असेल तर फरक दिसतो.

कोंबड्या आणल्या की पहिले चार-पाच दिवस आतच कोंडून ठेवा, घर ओळखीचं होऊ दे. मग संध्याकाळी पाचच्या सुमारास सोडायला लागा, अंधार पडला की आपणहून आत जातात. एखादी आंब्यावर चढून बसलीच तर बॅटरी घेऊन उतरवा आणि दांडीवर नेऊन ठेवा, दोन-चार रात्री असं केलं की तीही शिकते.