मुंबई विमानतळावरून फोर्टातल्या हॉटेलात जाताना

जळगावहून विमानाने मुंबईत उतरलात आणि हॉटेल फोर्ट किंवा सीएसएमटीकडे असेल, तर रिक्षाच्या रांगेत उभं राहूच नका. रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे शहरात जातच नाही. सामान हलकं असेल तर सरळ भुयारी मेट्रो-३ पकडा. टर्मिनल १ आणि २ साठी वेगवेगळी स्टेशनं आहेत, आणि ही मेट्रो ट्रॅफिकमध्ये न अडकता थेट सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेटला सोडते. रात्री उशिरा मात्र मेट्रो बंद.

सोबत आजी-आजोबा असतील, कळण्याच्या पिठाचे डबे, पापडांची पिशवी असेल, तर प्रीपेड टॅक्सीच बरी. भाडं काउंटरवरच ठरतं. पावतीवरचा गाडी नंबर जुळवूनच बसा, आणि सी-लिंकचा टोल कोण भरणार हे आधी विचारा.