महासभेची विषयपत्रिका टॅबवर आणताना

सभेचे कागद बंद करून टॅब द्यायचे ठरले की महापालिकेत पहिली फाइल निघते ती खरेदीची. ती शेवटी काढा. टॅब बाजारात मिळतात. टॅबवर वाचता येईल अशी विषयपत्रिका मिळत नाही, ती नगरसचिव विभागाच्या टेबलावरच तयार व्हावी लागते.

नाशिकचे आकडे धरू. नगरसेवक १२२. अधिकारी आणि दप्तराच्या प्रती धरून १५० संच. जोडपत्रांसह विषयपत्रिका २०० पानांची आणि छपाई एका बाजूने असेल तर एका सभेला ३०,००० कागद, म्हणजे ६० रिम. ए-फोर ८० जीएसएमचा रिम साधारण अडीच किलोचा, म्हणजे दीडशे किलोचा गठ्ठा सातपूरपासून नाशिक रोडपर्यंत घरोघर पोचवायचा. सिंहस्थाच्या कामांचे प्रस्ताव आले की पाने आणखी फुगतात.

तरी पहिला प्रयोग महासभेवर करू नका. स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि बैठकाही लवकर लवकर होतात. १६ टॅब आणि ४ राखीव एवढ्यावर तीन-चार बैठका काढा, तेवढ्या काळात कागदही सोबत द्या. चुका तिथेच दिसतील.

सर्वांत जास्त घोळ फाइलमध्ये होतो. खात्यांकडून प्रस्ताव सही-शिक्क्यासह स्कॅन होऊन येतात: रंगीत, तिरके, कधी उलटे. असे दोनशे पानांचे स्कॅन उघडायला जड जातात आणि त्यात शब्द शोधता येत नाही. खात्याकडून प्रस्तावाचा मजकूर मूळ वर्ड फाइलमध्येच मागवा, स्कॅन फक्त सहीच्या पानाचे घ्या, तेही २०० डीपीआय आणि ग्रेस्केलमध्ये. मजकूर युनिकोडमध्ये आहे का, हे तपासायला पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाका. इंग्रजी अक्षरांची भेळ उमटली तर तो जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, परत पाठवा. युनिकोड असूनही पीडीएफमध्ये जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी शोधताना बऱ्याचदा दगा देतात. म्हणून शोधावर विसंबू नका, प्रत्येक विषयाला बुकमार्क, म्हणजे टिचकी मारताच त्या विषयावर नेणारी खूण, लावा. वर्डमध्ये विषय क्रमांकाला हेडिंग दिले आणि फाइल ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ने केली, बुकमार्कचा पर्याय निवडला, की ते आपोआप येतात, प्रिंटमधून पीडीएफ काढली की गळतात.

अक्षर १४ पॉइंटचे ठेवा. अकरा इंची टॅबवर ए-फोर पान साधारण ७० टक्के आकारात दिसते, त्यामुळे १२ पॉइंटचे अक्षर साडेआठचे होते आणि सदस्य पहिल्या दहा मिनिटांत चष्मा पुसू लागतात. मुखपृष्ठालाही पान १ धरा. नाहीतर महापौर ‘पान ४७’ म्हणतात, टॅब ४७ दाखवतो, छापलेला आकडा असतो ४४, आणि सभागृहात तीन वेगवेगळ्या विषयांवर चर्चा सुरू होते. विकास आराखड्याचे नकाशे स्कॅन न करता नगररचना विभागाकडून मूळ पीडीएफ घ्या. झूम केल्यावर रस्त्याची रुंदी वाचता आली पाहिजे.

दुसरा रोग ऐनवेळी येणाऱ्या जादा विषयांचा. कागदावर निदान झेरॉक्स काढायला वेळ लागायचा. टॅबवर अकराच्या सभेला दहा पन्नासला प्रस्ताव सरकवता येतो. नियमाची मुदत आहे तीच पाळा आणि त्यानंतर अपलोडचा अधिकार बंद ठेवा. एकदा पाठवलेली फाइल कधीही बदलू नका: सदस्यांनी केलेल्या खुणा जातात, पाने सरकतात आणि ‘आमच्याकडे हे नव्हतेच’ हा वाद उभा राहतो. दुरुस्ती असेल तर पूर्वीसारखेच वेगळे शुद्धिपत्रक काढा, तारीख-वेळेसह.

आता टॅब. वाटण्याआधी प्रत्येक टॅब महापालिकेच्या डिव्हाइस मॅनेजमेंट खात्याला (सगळे टॅब एका ठिकाणाहून सांभाळणारी ऑनलाइन सोय) जोडा. हे राहून गेले तर सदस्य स्वतःचे जीमेल टाकतात. मुदत संपल्यावर टॅब परत येतो, रीसेट केला तरी तेच जीमेल आणि पासवर्ड मागतो आणि कपाटात पडून राहतो.

सभागृहात १२२ टॅब आणि तेवढेच मोबाइल एकाच वायफायवर येतात. एका अ‍ॅक्सेस पॉइंटवर (वायफाय पुरवणाऱ्या डबीवर) ४०–५० उपकरणांपलीकडे ताण देऊ नये. तिथे किमान पाच-सहा पॉइंट केबलने जोडा आणि मोबाइलना वेगळे नेटवर्क द्या. तेवढ्यानेही भागत नाही. ८० एमबीची फाइल सर्वांनी सभा सुरू होताना उतरवली तर ती जवळपास १० जीबी होते. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सगळे सुरळीत चालले तरी तेरा मिनिटे जातात. फाइल घरीच उतरलेली आणि इंटरनेटशिवाय उघडणारी हवी.

टॅब कार्यालयातच ठेवणार असाल तर ३० खणांच्या पाच चार्जिंग ट्रॉल्या लागतील. टॅबमागे १५ वॅट धरले तर पाचांचा भार २,२५० वॅट, जवळपास १० अँपिअर. ६ अँपिअरच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर सगळ्या जोडू नका. प्रत्येकीला स्वतंत्र सॉकेट.

पोच विसरू नका. पूर्वी शिपाई वहीवर सही आणायचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा त्याची जागा घेत नाहीत. अ‍ॅपमध्ये कोणी कधी फाइल उघडली याची नोंद हवी आणि ती छापून दप्तरी लावावी. सभेची नोटीस कशी बजावायची हे विधी विभागाकडून लेखी घ्या आणि ज्याला कागदच हवा त्याला कागद द्या. इतिवृत्ताची सहीची प्रत कागदावरच राहू द्या. विषयपत्रिका फाडून भिरकावण्याची सोय मात्र टॅबमध्ये नाही. त्यासाठी सदस्य कागद आणतीलच.

प्रशिक्षण सहा विभागीय कार्यालयांत, एका वेळी आठ-दहा जणांना, पाऊण तास. पुरवठादाराच्या माणसाऐवजी नगरसचिव विभागातला लिपिक शिकवू दे, सभेच्या दिवशी हाक त्यालाच मारली जाणार आहे. उघडणे, विषयावर जाणे, मोठे करणे, खूण करणे, एवढेच शिकवा.

सभेच्या दिवशी पूर्ण चार्ज केलेले सहा टॅब नगरसचिवांच्या टेबलावर ठेवा, वहीत सही घेऊन द्या आणि दारातच परत घ्या. घरी विसरलेला टॅब आणायला गाडी पाठवली तर ती परत येईपर्यंत विषय मंजूर झालेला असतो.