मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक घरी कसे उघडावेत, तपासावेत आणि दुरुस्त करावेत

हँडब्रेक ओढताना खटके मोजायची सवय लावून घ्या. पूर्वी पाच-सहा खटक्यांत गाडी धरणारा हँडब्रेक आता नवव्या-दहाव्या खटक्याला धरत असेल, तर बहुतेक वेळा मागच्या ड्रममधले लायनर (म्हणजेच लायनिंग, ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारा थर) झिजलेले असतात. माझ्या गाडीला हे झालं तेव्हा गॅरेजमध्ये केबल ताणून मिळाली. पंधरा दिवस सगळं ठीक वाटलं. मग कुंभार्ली घाट उतरताना मागून लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. चिपळूणला येऊन ड्रम उघडला, तर एका शूचं (लायनिंग ज्यावर बसवलेलं असतं त्या अर्धगोल पत्र्याचं) लायनिंग संपलं होतं आणि उघडा पत्रा ड्रमला चर पाडत होता. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: आधी ड्रम उघडायचा, शू बघायचे, अ‍ॅडजस्टर (शू झिजतील तसे त्यांना ड्रमजवळ सरकवणारा भाग) बघायचा आणि केबलला हात सर्वांत शेवटी लावायचा.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. डिस्कचे पॅड चाकाच्या फटीतूनही दिसतात, ड्रममधलं काहीच दिसत नाही. म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, तो उघडलाच पाहिजे. कोकणातल्या चार महिन्यांत आत चिखल, गंज आणि लायनरची पूड यांचा घट्ट थर बसतो.

आधी हे जमवा

जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), व्हील पाना, नोज प्लायर, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ब्रेकसाठीचं उष्णतारोधक ग्रीस, पॉलिश पेपर, हातमोजे आणि चांगला मास्क. शू बदलायचे असतील तर दोन्ही चाकांचा मिळून चार शूंचा सेट घ्या. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

मास्क टाळू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती पूड फुप्फुसात गेली की कर्करोगाचा धोका असतो. ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा मारायची पद्धत सर्रास दिसते, ती अजिबात करू नका. स्प्रेने पूड ओली करा, फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

गाडी उचलणं आणि ड्रम काढणं

सपाट, कडक जमिनीवर गाडी उभी करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग उचला आणि घोड्यांवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीजवळ बसून काम करायचं नाही. आता हँडब्रेक पूर्ण खाली सोडा. तो ओढलेला असेल तर ड्रम कितीही ठोकला तरी निघणार नाही.

काही गाड्यांमध्ये ड्रम स्वतंत्र असतो आणि चाक काढल्यावर ओढून निघतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक छोट्या गाड्यांमध्ये मात्र ड्रम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) एकच असतात. तिथे मधली टोपी काढून मोठा नट सोडवावा लागतो. तो अतिशय घट्ट असतो, म्हणून चाक जमिनीवर असतानाच सैल करा. बसवताना नवा नट वापरा आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यानुसार टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा, कारण त्याच्यावर बेअरिंग अवलंबून असतं.

ड्रम गंजाने चिकटला असेल तर त्याच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं शोधा. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळा, ड्रम आपोआप बाहेर सरकतो. कडेवर हातोडी जोरात मारू नका. ड्रम ओतीव लोखंडाचा असतो आणि तडकतो. फिरतो पण बाहेर येत नाही, असं असेल तर झिजेमुळे आतल्या काठाला कंगोरा तयार झालेला असतो आणि शू त्याला अडकतात. मागच्या प्लेटवर (ड्रमच्या मागे, शू ज्यावर बसवलेले असतात ती) रबरी बुच असेल तर ते काढून त्या भोकातून अ‍ॅडजस्टर मागे घ्या.

उघडल्यावर काय बघायचं

सुटं काही करण्याआधी मोबाइलवर तीन-चार फोटो काढा. दुसऱ्या बाजूचा ड्रम आत्ता उघडू नका, किंवा उघडलात तरी तिथलं काही सोडवू नका. स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे विसरलात तर ती बाजूच नकाशासारखी उपयोगी पडते.

लायनिंगची जाडी मोजा. ती दीड मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर मी वाट बघत नाही, शू बदलतो. शू रिव्हेटचे असतील तर जाडी रिव्हेटच्या डोक्यापासून मोजा. व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणारा भाग) वरच्या बाजूला असलेल्या नेहमीच्या रचनेत पुढच्या बाजूचा शू जास्त झिजलेला दिसेल, ते साहजिक आहे. गाडी पुढे जाताना ड्रमचं फिरणंच त्या शूला ड्रमवर आणखी दाबतं, त्यामुळे जास्त काम तो करतो. पण डाव्या आणि उजव्या चाकांच्या झिजेत मोठा फरक असेल तर एका बाजूचा सिलिंडर, अ‍ॅडजस्टर किंवा केबल अडकलेली आहे.

ड्रमवर जास्तीत जास्त चालणारा व्यास कोरलेला असतो. लेथवर फेस करून (आतली बाजू कापून गुळगुळीत करून) आणायचा विचार असेल तर आधी तो आकडा वाचा. त्या मापाच्या पुढे गेलेला ड्रम पातळ झालेला असतो आणि घाटात लवकर तापतो. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, लायनिंगची पकडही कमी होते आणि पेडल खाली जायला लागतं. असा ड्रम भंगारातच द्यावा.

आता व्हील सिलिंडर. दोन्ही टोकांची रबरी टोपी नखाने हळूच मागे करा. किंचित ओलसरपणा चालतो, पण ब्रेक ऑइलचा थेंब आला तर सिलिंडर बदला. ऑइलने भिजलेले शूही बदला. ते पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरू नयेत, कारण ऑइल आतपर्यंत मुरलेलं असतं. ड्रम बाहेर असताना पेडल कोणीही दाबायचं नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येतील. घरात मुलं असतील तर गाडीला कुलूप घाला.

शू बदलणं

डोळ्यांना चष्मा लावा, स्प्रिंग सुटली की जोरात उडते. शूच्या मधोमध पिन, स्प्रिंग आणि तिची वाटी असते. पिन मागून बोटाने धरा, प्लायरने वाटी दाबा आणि पाव वळसा फिरवा, ती सुटते. दोन्ही शू स्प्रिंगसकट बाहेर घ्या आणि मागच्या शूच्या लिव्हरमधून हँडब्रेकची केबल काढा.

मागची प्लेट स्वच्छ करा. शू जिथे टेकतात त्या चकाकणाऱ्या जागांवर खळगे पडले असतील तर घासून सपाट करा आणि प्रत्येकीवर ग्रीसचा नुसता पुसट हात फिरवा. जास्त ग्रीस लायनिंगवर पोचतं आणि सगळी मेहनत वाया जाते. अ‍ॅडजस्टर सोडवून त्याचे आटे साफ करा, थोडं ग्रीस लावा आणि हाताने मोकळा फिरतोय ना ते बघा. या एका भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. तो गंजला की शू झिजतात पण पुढे सरकत नाहीत, आणि मग माणूस केबल ताणत बसतो. आट्यांच्या अ‍ॅडजस्टरमध्ये डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, अदलाबदल करू नका. ढिल्या किंवा निळ्या पडलेल्या स्प्रिंगही बदला, त्या फार महाग नसतात.

बसवताना उलट क्रमाने जा आणि फोटोशी ताडून बघा. लायनिंगला बोटांचं ग्रीस लागलं असेल तर क्लीनरने पुसा.

एअर काढणं

सिलिंडर बदलला असेल तरच ब्रेक ऑइलच्या नळीत शिरलेली हवा काढायची गरज आहे. ब्रेक ऑइलच्या बाटलीवर लिहिलेला प्रकार, डॉट ३ किंवा डॉट ४, गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाशी जुळवा. ताजं, सीलबंद ऑइलच घ्या, कारण उघडी बाटली हवेतला दमटपणा शोषते. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषलेल्याचा १४० पर्यंत उतरतो. हे ऑइल रंगही खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

एअर काढण्याआधी ड्रम परत बसवा. सिलिंडरच्या मागच्या निपलला (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आत बसलेल्या माणसाला "दाब" म्हणा, पेडल दाबून धरल्यावर निपल अर्धा वळसा सोडा, बुडबुडे गेले की बंद करा आणि मगच "सोड" म्हणा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करायचं. टाकीतली पातळी सतत बघत राहा, ती रिकामी झाली की हवा पुन्हा आत जाते. चाकांचा क्रम पुस्तकात दिलेला असतो.

शेवटचं अ‍ॅडजस्टमेंट

ड्रम बसल्यावर पेडल दहा-पंधरा वेळा दाबा, म्हणजे आपोआप सरकणारा अ‍ॅडजस्टर जागेवर येतो. चाक हाताने फिरवा. हलकीशी कुजबुज ऐकू आली तर चालेल, अडकायला नको. आता कुठे हँडब्रेकची केबल. सांगितलेल्या खटक्यांत धरेल आणि सोडल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरतील एवढीच ती ताणा.

गाडी खाली घ्या, नट तिरक्या क्रमाने आवळा. पेडल घट्ट लागत नसेल तर गाडी गेटबाहेर काढायची नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरवरून वीस-तीस वेळा हलका ब्रेक लावा आणि मध्ये थंड व्हायला वेळ द्या, म्हणजे नवे शू ड्रमशी जुळतात. घरी आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात न्या, पण स्पर्श करू नका. एका बाजूची धग जास्त जाणवली तर त्या बाजूचा शू घासतोय. ते चाक पुन्हा उचला आणि अ‍ॅडजस्टर एक-दोन दाते मागे घ्या.