आधी बसा, मग उभे राहा: शिष्यत्वाच्या पुनर्समर्पणाची उपासना कशी आखावी

सोलापुरातल्या एका मंडळीत पाहिलेला प्रसंग. संदेश संपला, पेटीवर हळू सूर लागला आणि पाळकसाहेब म्हणाले, "ज्यांना प्रभूला पुन्हा जीवन द्यायचंय, त्यांनी उभं राहावं." पहिल्या बाकावरचे पंच, म्हणजे मंडळीचे कारभारी, उठले. त्यांच्यामागे अख्खं चर्च उठलं, मीही उठलो. पंच उभे असताना बसून कोण राहणार? पुढच्या रविवारी सगळं पूर्वीसारखंच. यात दोष लोकांपेक्षा आखणीचा जास्त होता.

म्हणून उपासनाक्रम शेवटाकडून लिहायला घ्या. लोक नेमकं कोणतं वचन देणार, ते आधी तीन-चार ओळींत साध्या मराठीत उतरवा. गीतं, शास्त्रवाचन, संदेश हे सगळं त्यानंतर.

वाचनासाठी लूक ९:२३ ('स्वतःला नाकारा, दररोज आपला वधस्तंभ उचला आणि माझ्यामागे या') बहुतेकांना आठवतंच. त्यातला 'दररोज' हा शब्द मात्र हातचा सोडू नका. वधस्तंभ उचलण्याचं हेच वचन मत्तय आणि मार्कातही आहे, पण 'दररोज' फक्त लूक लिहितो. सोबत लूक १४:२८-३० घ्या: बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशोब करतो. आणि मंडळीत थकलेले, दुरावलेले लोक असतील (असतातच), तर योहान २१ जोडा. पेत्राने तीनदा नाकारलं, प्रभूने तीनदा 'माझ्यावर प्रेम करतोस का?' असं विचारलं आणि प्रत्येक वेळी काम सोपवलं. तिन्हीवर एकाच संदेशात बोलायचा मोह टाळा.

हिशोबाला वेळ लागतो. मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याने ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनमध्ये कराराची, म्हणजे देवाला पुन्हा वचन देण्याची, उपासना घेतली, तेव्हा सुमारे १८०० लोक उभे राहिले. पण त्याआधी अनेक दिवस तो सकाळच्या सभांत कराराचा अर्थ समजावून सांगत होता आणि शुक्रवारी अनेकांनी उपासही केला होता. आपणही वचनाचा मजकूर निदान दोन रविवार आधी छापून घरोघरी द्या. महिला मंडळात आणि तरुण संघात त्यावर चर्चा होऊ द्या. ज्या घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात, त्यांच्यासाठी त्या भाषेतही द्या. असं वचन माणसाने आपल्या घरच्या भाषेत वाचावं.

तारीख म्हणाल तर जानेवारीचा पहिला रविवार किंवा राखेच्या बुधवारानंतरचा (ईस्टरआधीचा उपवासकाळ त्या बुधवारी सुरू होतो). संक्रांतीच्या आसपासचा रविवार नको. सोलापुरात तेव्हा सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक असते, रस्ते वळवलेले असतात. अर्धी मंडळी वाटेतच अडकेल.

क्रम साधा ठेवा: स्तुतिगीत, पापांगीकार, वाचन, संदेश, शांतता, वचन, प्रभुभोजन, आशीर्वचन. गीतांत एखादं अभंगाच्या चालीचं भजन हवंच. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली आणि १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तशिष्यांचा समूह उभारताना बाप्तिस्मा न झालेल्यांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून सामावून घेतलं. पाहुणे म्हणून आलेल्या शेजाऱ्यांचा विचार करताना हे ध्यानात असू द्या.

शांततेची पाच मिनिटं म्हणजे खरोखर पाच. पेटी बंद, तबला बंद. आपल्याला शांततेची सवय नाही, तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी खाकरेल, कोणीतरी 'आमेन' म्हणेल. चालू द्या. या वेळात प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची आणि ती मोजता येईल अशी हवी. 'जास्त प्रार्थना करीन' नको. 'दर शुक्रवारी कामाची पाळी संपल्यावर शेजारच्या आजींची औषधं आणून देईन' चालेल. 'भावाशी बोलणं सुरू करीन' तर उत्तमच, त्याला खर्च सगळ्यात जास्त. चिठ्ठी पाकिटात घालून वर स्वतःचं नाव लिहायचं.

वचनासाठी उभं करू नका. सगळ्यांनी बसूनच म्हणावं आणि ज्याचं मन होत नसेल त्याने गप्प राहावं. हे पाळकसाहेबांनी आधीच मोठ्याने सांगावं, दोनदा. पंचांनाही आदल्या दिवशी सांगून ठेवा.

पाकिटं कोणीही उघडायची नाहीत. ती अर्पणाच्या थाळीत गोळा करा, कपाटात कुलूपबंद ठेवा आणि तीन महिन्यांनी उपासनेनंतर दारात ज्याची त्याला परत द्या. काही पाकिटं घ्यायला कोणी येणार नाही. ती फाडू नका, घरभेटीला जाताना सोबत न्या.