टेबल कुणी उडवलं ते लॉगमधनं कसं काढायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी बघतो, ऐन हळदीच्या सीझनला सकाळी सकाळी फोन, पट्ट्याच (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या पावत्या) निघंनात. जाऊन बघतोय तर डेटाबेसमधलं पट्ट्यांचं टेबलच, म्हणजे त्या नोंदींचा तक्ता, गायब, आणि कॉम्प्युटरवर बसणारे पाच जण, पाचही म्हणतात मी हात लावला नाही.

डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर असेल तर आधी एक करा, म्हणजे करू नका, रीस्टार्ट. आपल्याकडं काही झालं की पहिलं रीस्टार्ट मारतात, पण प्रत्येक रीस्टार्टला डिफॉल्ट ट्रेसची (सर्व्हर आपोआप ठेवतो त्या घडामोडींच्या नोंदीची) नवी फाईल सुरू होते आणि तो ठेवतो फक्त ५ फाईली, २०-२० एमबीच्या, त्यामुळं जुना पुरावा जातो.

मग त्याच डेटाबेसमध्ये एफएन_डीबीलॉग (fn_dblog, डेटाबेसमधले बदल नोंदणारा लॉग वाचायचं फंक्शन) चालवा, दोन्ही जागी नल (NULL) टाकून. ओळीच ओळी येतील, घाबरू नका, ट्रान्झॅक्शन नेम या रकान्यात 'ड्रॉपऑब्ज' (DROPOBJ, म्हणजे काहीतरी उडवलं) असलेल्या तेवढ्या काढा. तिथं वेळ मिळते आणि एसआयडी (लॉगिनचा ओळख क्रमांक) मिळतो, तो एसयूझर_एसनेम (SUSER_SNAME) या फंक्शनमध्ये घातला की लॉगिनचं नाव. टेबलाचं नाव मात्र तिथं नसतं! त्याच ट्रान्झॅक्शन आयडीच्या लॉकच्या ओळीत ऑब्जेक्ट आयडी (उडवलेल्या वस्तूचा आतला नंबर) असतो, तो घेऊन जुना बॅकअप वेगळ्या नावानं रिस्टोअर करून त्यात बघायचा, कारण टेबलाऐवजी व्ह्यू (जतन करून ठेवलेली क्वेरी) उडवला तरी नोंद ड्रॉपऑब्जच पडते.

डेटाबेसची सेटिंग सिंपल रिकव्हरी असेल तर चेकपॉइंट झाला (बदल डिस्कवर लिहून झाले) की लॉग मोकळा होत जातो, मग नशीब. फुल रिकव्हरी असेल तर लॉग बॅकअपमधनं एफएन_डंप_डीबीलॉग (fn_dump_dblog) नं वाचता येतं, फक्त त्यात डिफॉल्ट (DEFAULT) हा शब्द ६३ वेळा लिहावा लागतो, कुणी बनवलंय देव जाणे. फुलचा दुसरा फायदा म्हणजे ड्रॉपऑब्जच्या ओळीचा एलएसएन (लॉगमधल्या ओळीचा क्रमांक) देऊन रिस्टोअरच्या स्टॉपबिफोरमार्क (STOPBEFOREMARK) या पर्यायानं उडवायच्या आधीपर्यंतचा डेटा परत आणता येतो.

आमच्याकडं नाव काय आलं? एसए (sa), म्हणजे सर्व्हरचं सर्वाधिकार असलेलं लॉगिन. पाचही जण एसएनंच लॉगिन करायचे! शेवटी डिफॉल्ट ट्रेस उघडला, इव्हेंट क्लास ४७ (वस्तू उडवल्याची नोंद) बघितला, त्यात होस्टनेम (कॉम्प्युटरचं नाव) असतं, ते निघालं काट्याजवळच्या पीसीचं. त्या वेळी तिथं कोण बसलं होतं ते मालकांनी बघितलं, मी त्यात पडलो नाही, पाच लॉगिन वेगळी केली आणि एसएचा पासवर्ड बदलून आलो.