पुराची पिशवी शाडूत कशी करायची

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं, आणि २०१९, २०२१ नंतर नदीकाठच्या बऱ्याच घरांत पावसाळ्यात एक पिशवी भरूनच ठेवलेली असते. शिल्प करायचं ते त्या पिशवीचं.

आधी पिशवी फरशीवर ओता. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, सातबारा, बीपीच्या गोळ्या, टॉर्च हे सगळ्यांकडेच निघतं हो, पण देव्हाऱ्यातला टाक किंवा बंद पडलेल्या मोबाइलचा चार्जर निघाला तर तो पहिला घ्या, कुठल्याच सरकारी यादीत नसलेल्या वस्तूच खरं बोलतात. दिसायला बरं म्हणून बाहेरचं काही घालू नका.

शाडू मळताना थोडा कागदाचा लगदा घाला, तडे कमी जातात. प्लास्टिकवर दोन बोटं जाड थर थापायचा आणि वस्तू दाबून सरळ वर उचलायच्या. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून. दाराची कडी, कुलूप असलं काही (पूर नसला तरी रात्री तीनदा तपासतो ना आपण, मग तेही येऊ दे) अर्धंच दाबा, नाहीतर काढताना टवका निघतो.

इथं थांबलात तर नुसते ठसे राहतात, आणि मला तेच जास्त आवडतात. वस्तू उठावात हव्या असतील तर कडेनं मातीचा बांध घालून प्लास्टर (ऑफ पॅरिस) ओता, बादलीत आधी पाणी मग वरून प्लास्टर भुरभुरायचं, उलटं केलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. दाट बासुंदीसारखं झालं की लगेच ओता, ओली माती असली की तेलबिल लागत नाही, अर्ध्या तासात सुटतं. घट्ट होताना तापतं, हात घालून बसू नका, आणि उरलेलं मोरीत ओतू नका, पाइप जाम होईल.

शाडू सावलीत वाळवा, वर ओलसर फडकं टाकून. भाजायचा मात्र नाही. कच्चा शाडू पाण्यात विरघळतो, प्लास्टर विरघळत नाही, सगळा खेळ तिथंच आहे. २०१९ ला गणपतीच्या तोंडावर कुंभार गल्लीत पाणी शिरलं तेव्हा मूर्तिकारांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरात भिंतीवर पुराची खूण असेल तर शिल्प बरोब्बर त्याच उंचीला फळीवर ठेवा, शोकेसमध्ये नको. आणि पिशवी परत भरताना गोळ्यांची एक्सपायरी बघा.