नवी सिने लेन्स घेताय? दुकानातच दहा मिनिटं काढा

नमुना व्हिडिओत सगळ्याच लेन्स झकास दिसतात. ढिलाई कळते ती शूटवर, फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा) वैतागला की. म्हणून पैसे देण्याआधी:

१. लेन्स कॅमेऱ्यावर चढवून बॅरल हलकेच हलवा. माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा भाग, डुगडुगायला नको.

२. फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्येच जड, मध्येच सैल लागली तर नको. मग खरी परीक्षा: मॉनिटरवर चित्र मोठं करून रिंग थोडी पुढे-मागे करा. दिशा बदलताना चित्र बाजूला उडी मारत असेल, किंवा रिंग फिरूनही फोकस क्षणभर जागचा हलत नसेल, तर आत ढिलाई आहे. ती वापराने वाढतच जाते.

३. आयरिस (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडा. कॅमेऱ्यावरच्या सेन्सरच्या खुणेपासून टेपने २ मीटर मोजून तिथे बारीक छापील कागद लावा. तो स्पष्ट दिसताना रिंगवरही २ मीटरच आलं पाहिजे.

४. टॉर्चने आरपार बघा. धुळीचे एक-दोन कण चालतात, धुरकट थर नाही.

रिंगवरची अंतराची खूण थोडी चुकली तर माउंटखालची शिम (पातळ चकती) बदलून बहुतेकदा जुळते. मात्र ते काम सर्व्हिसवाल्याचं. घरी स्क्रू खोलू नका.